घरच्या सर्व्हरवर स्वतःच्या सेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात फायबर आलंय, कपाटात एक जुना लॅपटॉप पडून आहे आणि फोन रोज 'स्टोरेज भरलं' म्हणून ओरडतोय, अशांसाठी हे पान आहे. कमांडची जंत्री इथे नाही. ती प्रत्येक सॉफ्टवेअरच्या कागदपत्रांत असते आणि तिथलीच ताजी असते. इथे ते प्रश्न आहेत, जे सुरुवातीला आणि मग सगळं बसवून झाल्यावर, साधारण दुसऱ्या महिन्यात, पडतात.

घरचा सर्व्हर म्हणजे नेमकं काय? रॅक वगैरे लागतं का?

नाही. चोवीस तास चालू राहणारा कुठलाही संगणक, त्यावर लिनक्स (त्यातलं डेबियन उत्तम) आणि त्यावर डॉकरमध्ये (प्रत्येक सेवा वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या दोन-चार सेवा. झालं. प्रॉक्समॉक्स (एका यंत्रात अनेक यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर), क्लस्टर, ब्लिंकणारे स्विच हा हौसेचा भाग. हौस वाईट नाही, पण फोटो सांभाळायला ती लागत नाही.

गूगल फोटोज असताना हा उपद्व्याप कशाला?

१ जून २०२१ पासून गूगलने फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली. तेव्हापासून मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. बहुतेक लोक या वळणावर सर्व्हरकडे येतात आणि पैसे वाचतील या आशेने येतात. ती आशा सुरुवातीलाच सोडा. यंत्र, दोन डिस्क, युपीएस, वीज आणि तुमचा वेळ धरला तर १०० जीबीचा प्लॅन विकत घेणं बरीच वर्षं स्वस्त पडतं. दोन-तीन टीबीच्या पुढे गेलात की गणित बदलायला लागतं.

खरं कारण वेगळं आहे. एखादं खातं अचानक बंद झालं, तर दाद कुठे मागायची हे कळत नाही. घरच्या डिस्कवरचे फोटो कोणी धोरण बदलून काढून घेत नाही. ते तुम्हीच घालवू शकता, आणि या पानाचा बराचसा भाग त्याबद्दलच आहे.

सुरुवात कोणत्या सेवेपासून करावी?

जी बंद पडली तर घरात कोणाचं अडणार नाही अशा सेवेपासून. जेलीफिन चांगलं: स्वतःच्या डीव्हीडी, लग्नाचे व्हिडिओ, घरच्या कॅसेटवरून उतरवलेली गाणी टीव्हीवर दिसतात आणि बंद पडलं तर कोणी उपाशी राहत नाही. मग फोटोंसाठी इमिच. पासवर्ड त्यानंतर.

आणि जाहिराती अडवणारं पाय-होल? सगळे तेच आधी लावायला सांगतात.

लावा, पण हे समजून लावा: घरातल्या सगळ्या उपकरणांची नावं-पत्ते शोधण्याची वाट त्यातून जाते. ते अडकलं की सगळ्यांचं 'नेट गेलं', आणि तुम्ही तेव्हा ऑफिसात असता. शिवाय यूट्यूबच्या जाहिराती त्याने जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच पत्त्यांवरून येतात.

जुना लॅपटॉप चालेल का? की रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) घेऊ?

लॅपटॉप चालेल, आणि त्याची बॅटरी ही फुकटची युपीएस आहे. तीन गोष्टी करा. झाकण मिटल्यावर झोपी जाण्याची सवय सेटिंगमधून मोडा. बॅटरी ६० ते ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती लावा. आणि लॅपटॉप उलटा करून तळ सपाट आहे का ते पाहा. टचपॅड वर आलेला असेल किंवा तळ फुगलेला असेल, तर बॅटरी फुगली आहे. ती आजच काढा. फुगलेली बॅटरी चोवीस तास चार्जिंगला लावून कपाटात ठेवू नये.

रास्पबेरी पाय छान यंत्र आहे, पण मेमरी कार्डवर डेटाबेस चालवू नका. सततच्या लिहिण्याने कार्ड झिजतं आणि बहुधा न सांगता जातं. पाय ५, त्याचा २७ वॅटचा अडॅप्टर, एसएसडी, तिचा जोड आणि डबी यांची बेरीज केली की सेकंडहँड मिनी पीसीच्या किमतीजवळ पोचता. ऑफिसांतून निघालेले ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, एलिटडेस्क मिनी हे छोटे डबे या कामाला माझ्या मते सगळ्यात योग्य. घेताना इंटेलची सातवी पिढी किंवा पुढची बघा. त्यापासून १०-बिट एचईव्हीसी व्हिडिओ चिपमध्येच उलगडतो, नाहीतर नव्या फोनवरचे व्हिडिओ दाखवताना पंखा किंचाळतो.

माळ्यावर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालचा माळा भट्टी होतो. कोकणात दमट हवा, घाटावर धूळ आणि सगळीकडे मुंग्या: उबदार डब्यात घर करायला त्यांना आवडतं.

विजेचं बिल किती वाढेल?

१५ वॅटचं यंत्र महिनाभर चालू ठेवलं तर १०.८ युनिट. जुना डेस्कटॉप ६० वॅट खात असेल तर ४३ युनिटच्या थोडं वर. दर तुमच्या बिलावर आहे, पण सरासरी दराने गुणू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पे बदलतात, आणि नवीन युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. म्हणून तोच सर्व्हर उन्हाळ्यात, एसी चालू असताना, जास्त महाग पडतो.

लाइट गेली तर?

जाणारच. पुण्यात गुरुवार हा देखभालीचा वार म्हणून ओळखला जातो, इतर गावांचे वार वेगळे. ठरवून गेलेली लाइट त्रास देत नाही, कारण आधी कळतं. त्रास देते ती दिवसातून चारदा दोन सेकंदांसाठी जाणारी. डेटाबेस लिहिता लिहिता तुटतो तो अशा वेळी.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे 'युपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं. ते 'युपीएस'वर असेल तर अदलाबदल इतकी झटपट होते की बहुतेक संगणकांना कळत नाही. 'नॉर्मल'वर पंखे-दिवे ठीक चालतात, सर्व्हर मात्र रीस्टार्ट होऊ शकतो.

इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएची छोटी युपीएस. तिच्यात बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. २५ वॅटच्या भाराला तीन तास मिळायला हवेत, पण रूपांतरातला तोटा आणि बॅटरीचं वय धरून एक तास मिळाला तरी समाधान माना. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. राउटर आणि फायबरचा डबा यांनाही बॅकअप द्या. त्यांच्यासाठी १२ व्होल्टच्या लहान डीसी युपीएस मिळतात. व्होल्ट, अँपिअर आणि पिनची दिशा मात्र अडॅप्टरवर वाचूनच घ्या.

युपीएसमागे युएसबी पोर्ट असेल तर एनयूटी नावाचं सॉफ्टवेअर बॅटरी संपायच्या आत सर्व्हर नीट बंद करतं. स्वस्त युपीएसला तो पोर्ट नसतो. तिथे एक जुगाड चालतो: जे उपकरण युपीएसवर नाही, उदाहरणार्थ एखादा स्मार्ट प्लग, त्याला सर्व्हरने दर मिनिटाला पिंग करायचं, म्हणजे 'आहेस का' असं विचारायचं. सलग पंधरा मिनिटं उत्तर नाही म्हणजे घरात लाइट नाही, मग स्वतःहून बंद व्हायचं.

बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग लावा. डेलमध्ये ती 'एसी रिकव्हरी', लेनोवोमध्ये 'आफ्टर पॉवर लॉस' या नावाने असते. इथे एक मेख आहे. सर्व्हर स्वतःहून बंद झाला, युपीएसमध्ये अजून धुगधुगी होती आणि तेवढ्यात लाइट आली, तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही! तो बंदच राहतो. म्हणून एनयूटीला शेवटी युपीएसचं आउटपुटही तोडायला सांगता येतं. बहुतेक लोक ही ओळ गाळतात आणि मग गावाहून फोन करून शेजाऱ्यांना बटण दाबायला सांगतात.

राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरची विनंती सर्व्हरकडे वळवली), तरी बाहेरून उघडत नाही. काय चुकलं?

बहुधा तुमचं काही चुकलं नाही. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी', म्हणजे कंपनीने दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी, तेही संपलेले, म्हणून कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. हा १००.६४ चा पट्टा २०१२ साली खास त्याचसाठी राखून ठेवला गेला. बाहेरून आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापर्यंत येते आणि तिथेच थांबते. तुमच्या राउटरवर काहीही फॉरवर्ड करा, ती तुमच्यापर्यंत पोचतच नाही.

मार्ग तीन. कंपनीकडून स्थिर आयपी विकत घ्या. किंवा आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धत वापरा, मात्र समोरच्या जोडणीवरही ते हवं. किंवा, आणि बहुतेकांना मी हेच सांगतो, पोर्ट उघडूच नका. टेलस्केल बसवा, ते तुमची उपकरणं एका खासगी जाळ्यात जोडतं. ते वायरगार्ड या कुलूपबंद जोडणीच्या तंत्रावर चालतं, आणि वायरगार्ड २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे. दोन्ही उपकरणं आतून बाहेर जाणारी जोडणी करतात, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. फोनवर अॅप, सर्व्हरवर अॅप, विषय संपला. ओळख पटवण्याचं काम टेलस्केलच्या सर्व्हरवर होतं, हे ज्यांना खटकतं त्यांच्यासाठी हेडस्केल आहे, तेच काम स्वतःच्या सर्व्हरवर करणारं. पण त्यासाठी बाहेर एक भाड्याचा सर्व्हर लागतो आणि सांभाळायला एक गोष्ट वाढते.

क्लाउडफ्लेअर टनेल वापरलं तर?

चालतं (त्यात जोडणी क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरमधून जाते), आणि ज्यांच्या फोनवर काही बसवता येत नाही अशा नातेवाइकांना अल्बम दाखवायला सोयीचं आहे. दोन गोष्टी माहीत असू द्या. एन्क्रिप्शन त्यांच्याकडे उलगडून पुन्हा गुंडाळलं जातं, म्हणजे मधल्या टप्प्यावर मजकूर त्यांना दिसू शकतो. आणि फुकट प्लॅनमध्ये एका विनंतीत १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही. इमिचमध्ये फोटो चढतात, पण मुलाच्या गॅदरिंगचा व्हिडिओ रात्रभर 'अपलोड होत आहे' दाखवतो, त्याचं कारण बहुधा हेच.

माझ्या घरच्या सर्व्हरवर कोण कशाला हल्ला करेल?

तुमच्यावर कोणी करत नाही. यंत्रं सगळ्यांवर करतात. जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोर सॉफ्टवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅपचे साठवण-डबे हेरून त्यांतल्या फायली कुलूपबंद केल्या आणि ०.०३ बिटकॉइन मागितले. मालक कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं आहे. लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीच्या २०२२ मधल्या प्रकरणात चोर शिरले ते एका अभियंत्याच्या घरच्या संगणकातून, त्यावरच्या मीडिया सॉफ्टवेअरमधून. ते प्लेक्स होतं, आणि त्यातलं ते भोक मे २०२० मध्येच बुजवलेलं होतं. अपडेट तेवढं केलेलं नव्हतं.

डॉकर वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. यूएफडब्ल्यू फायरवॉल लावून 'सगळं बंद' केलं आणि निवांत झालात, तर एकदा तपासा. डॉकर उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात. फायरवॉल 'बंद' सांगते आणि दार उघडं असतं. डॉकरच्या कंपोज (सेटिंगच्या) फाइलमध्ये पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहिलं की ती सेवा फक्त त्या यंत्रापुरती उरते, आणि पुढे रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या आत पोचवणारा दरवान, ठेवता येतो. आयपीव्ही६ चालू असलेल्या घरांनी तर हे नक्की बघावं, कारण तिथे सीजीनॅटचा आडोसाही नसतो.

दोन डिस्क मिरर केल्या आहेत, दोन्हींवर तेच साठतं. तरी बॅकअप हवा?

हवा. मिररमुळे एक डिस्क मेली तरी सेवा चालू राहते, एवढंच. चुकून पुसलेला फोल्डर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो.

जुना नियम ३-२-१: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. मराठी घरांत तिसऱ्या प्रतीसाठी एक आयती जागा असते, गावचं घर. तिथे नेट असेल तर एक रास्पबेरी पाय आणि एक डिस्क, टेलस्केलने जोडलेली, रोज रात्री रेस्टिक या बॅकअपच्या साधनाने प्रत घेणारी. रेस्टिक सगळं कुलूपबंद करूनच लिहितं, त्यामुळे डिस्क कोणी उचलून नेली तरी फोटो दिसत नाहीत. अर्थात रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर ते तुम्हालाही दिसत नाहीत. तो कागदावर लिहून ठेवा, त्याच सर्व्हरवर नको.

पहिली प्रत नेटवरून पाठवू नका. ५०० जीबी २० एमबीपीएसने चढवायला सलग ५५ तासांहून जास्त लागतात, आणि दोन्हीकडची लाइट तितका वेळ टिकणार नाही. घरीच डिस्कवर प्रत घ्या, पुढच्या फेरीत गावी घेऊन जा, तिथून पुढे रोजची भर आपोआप.

इमिचमध्ये फोटोंचे फोल्डर आणि डेटाबेस दोन्हींची प्रत लागते. नुसते फोटो परत आणलेत तर अल्बम, चेहऱ्यांना दिलेली नावं, सगळं कोरं. रोज रात्री दोनला ते स्वतः डेटाबेसची उतारप्रत काढतं आणि शेवटच्या १४ ठेवतं, पण त्याच डिस्कवर. बॅकअपच्या यादीत तो फोल्डर आहे का, बघा.

आणि परत आणून बघितल्याशिवाय बॅकअप आहे असं म्हणू नका. दोन-तीन महिन्यांनी २०१६ मधला कुठलाही एक फोटो गावच्या डिस्कवरून ओढून उघडा. पाच मिनिटांचं काम आहे. ते कोणी करत नाही.

मराठी नावांच्या फायलींचा काही त्रास होतो का?

होतो, आणि इंग्रजी पानांवर तो सापडत नाही.

पहिला, लांबी. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात: 'श्री'मध्ये चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव बसवायचं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या 'जाहीर निमंत्रण व सविस्तर कार्यक्रमपत्रिका' छापाच्या पीडीएफ कॉपी करताना 'नाव फार लांब' अशी चूक येते ती यामुळे. सिनॉलॉजी या कंपनीच्या साठवण-डब्यांतल्या एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये मर्यादा १४३ बाइट, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हं.

दुसरा, 'ऱ'. 'कऱ्हाड' हे नाव तीन तऱ्हांनी टाइप होऊ शकतं: 'ऱ' हे एकसंध चिन्ह, 'र'खाली नुक्ता (टिंब), किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, लिनक्सला तीन वेगळी नावं वाटतात. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क नावं नुक्त्याच्या रूपात फोडून साठवते. त्यामुळे मॅकवरून आणि विंडोजवरून एकच फोल्डर चढवलात की सर्व्हरवर दोन 'कऱ्हाड' दिसतात, अर्धे फोटो एकात, अर्धे दुसऱ्यात. कॉन्व्हएमव्ही हे साधन पहिली दोन रूपं एक करतं. तिसरं, जोडचिन्हाचं, त्याने जुळत नाही. जुन्या मराठी कीबोर्डांनी तेच भरपूर लिहिलंय, ते शोधून बदलावं लागतं.

फोटो आणि कागदपत्रं मराठीत शोधता येतील का?

इमिचमध्ये चेहऱ्याला 'सुमनआत्या' असं नाव द्या, देवनागरीत, ते सापडतं. पण 'पावसातलं शेत' असं वर्णन टाकून शोधायचं तर मुळातलं मॉडेल इंग्रजीवर शिकलेलं आहे. सेटिंगमध्ये बहुभाषिक मॉडेल निवडा. एनएलएलबी-क्लिप कुळातल्या मॉडेलना मराठी येते. ती जड असतात आणि बदलल्यावर सगळ्या फोटोंची छाननी पुन्हा होते. रात्रभर चालू द्या.

सातबारा, लाइटबिलं, पावत्या यांसाठी पेपरलेस-एनजीएक्स. त्यातलं टेसरॅक्ट हे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं (ओसीआर) साधन मराठी वाचतं, पण मराठीचा भाषासंच वेगळा घालावा लागतो आणि वाचनाची भाषा 'मराठी अधिक इंग्रजी' अशी ठेवावी लागते. हस्ताक्षराची अपेक्षा ठेवू नका.

एक फसवा प्रकार: श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली पीडीएफ. दिसते मराठी, पण आतला मजकूर विचित्र इंग्रजी अक्षरांचा असतो. पेपरलेसला आत मजकूर सापडला की ते पुन्हा वाचत बसत नाही, आणि शोधात कचरा भरतो. अशा फायलींना ओसीआरची पद्धत 'फोर्स' द्या.

पासवर्ड घरच्या सर्व्हरवर ठेवावेत का?

व्हॉल्टवॉर्डन (बिटवॉर्डनच्या अॅपसोबत चालणारा पासवर्ड-सर्व्हर) हलकं आणि चांगलं आहे, आणि बिटवॉर्डनची अॅप शेवटची प्रत फोनवर ठेवतात, त्यामुळे सर्व्हर बंद असला तरी जुने पासवर्ड वाचता येतात. पण वर लिहिलेला बॅकअप परत आणून बघेपर्यंत ते बसवू नका.

ईमेल?

नको. घरच्या जोडण्यांवर मेल पाठवायचं पोर्ट २५ बहुधा बंद असतं, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) हातात नसतं, आणि घरगुती आयपीचे पट्टे स्पॅमविरोधी याद्यांत आधीच असतात. तुमचं पत्र जाईल, समोरच्याला दिसणार नाही.

मी सीए आहे. अशिलांचे कागद याच सर्व्हरवर ठेवू का?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती वापराला लागू होत नाही. अशिलांचे कागद म्हणजे घरगुती वापर नव्हे. धंद्याचं यंत्र वेगळं ठेवा, आणि बायको-मुलांच्या फोटोंशेजारी कोणाचं पॅन कार्ड नको.

अपडेट किती वेळा?

डेबियनचे सुरक्षा-अपडेट आपोआप येऊ द्या. डॉकरमधल्या सेवा मात्र हाताने, महिन्यातून एकदा, आधी बदलांची टिपणं वाचून आणि बॅकअप घेऊन. सणाच्या आदल्या रात्री अजिबात नाही.

घरचे वापरत नाहीत. काय करू?

त्यांना सेवा बदललेली कळू देऊ नका. फोनवर इमिचचं आयकॉन, लॉगिन तुम्हीच करून दिलेलं, पार्श्वभूमीत अपलोड चालू. आईला सर्व्हरचा पत्ता पाठ करायला लावलात तर ती बरोबरच करते, न वापरून.

आणि एक कागद करून ठेवा: यंत्र कुठे आहे, कोणत्या डिस्कवर फोटो, रेस्टिकचा पासवर्ड, कोणाला फोन करायचा. एलआयसीच्या फायलीत ठेवा, कारण गरज पडली की घरचे तीच फाइल आधी काढतात.

उद्या हे सगळं बंद करायचं झालं तर?

याची सोय पहिल्या दिवशी करायची असते. इमिच मूळ सेटिंगमध्ये फायलींना लांबलचक आकडी नावं देऊन साठवतं. 'स्टोरेज टेम्प्लेट' चालू केलं की तेच फोटो वर्ष आणि तारखेच्या फोल्डरांत, मूळ नावाने बसतात. मग बंद करताना डिस्क काढून कुठल्याही संगणकाला लावली की फोटो समोर. विंडोजला लिनक्सची डिस्क थेट वाचता येत नाही, म्हणून एक्सफॅट (विंडोजला वाचता येणारा प्रकार) केलेल्या डिस्कवर एक प्रत काढून द्या. यंत्र विकताना आतली डिस्क विकू नका.